डेम्प्स्टर हायवे: दोघांनी गाडी घेऊन आर्क्टिक समुद्रापर्यंत जायचं तर

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात व्हाइटहॉर्सहून डॉसन सिटीकडे जाताना, डॉसन ४० किलोमीटरवर राहिलं की उजवीकडे एक फाटा फुटतो. तो डेम्प्स्टर हायवे. या फाट्यापासून इनुविक हे गाव साधारण ७३७ किलोमीटर, आणि तिथून पुढे आर्क्टिक समुद्राच्या काठावरचं टुक्टोयाक्टुक, थोडक्यात टुक, आणखी १३८ किलोमीटर. फाट्याजवळचे आणि इनुविकजवळचे मोजके किलोमीटर सोडले तर सगळा रस्ता खडीचा. कॅनडात सार्वजनिक रस्त्याने गाडी थेट आर्क्टिक समुद्राच्या काठाशी लावता येते ती इथेच. इनुविकपर्यंतचा रस्ता १९७९ साली खुला झाला, टुकपर्यंतचा नोव्हेंबर २०१७ मध्ये.

रस्त्याला नाव आहे विल्यम डेम्प्स्टर या पोलिसाचं. १९१०-११च्या हिवाळ्यात फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघालेली चौघांची गस्ती तुकडी वाटेत हरवली आणि चौघेही दगावले. त्यांचा शोध लावला डेम्प्स्टरने. लवकर पोचायच्या नादात तुकडीने शिधा कमी घेतला होता. शंभरहून जास्त वर्षं झाली, गाड्या आल्या, तरी या वाटेवर माणसं अडकतात ती बहुतेक घाईने आणि अपुऱ्या तयारीनेच. फोटो पाहून बेत आखताना डोळ्यांपुढे डोंगर असतात. प्रत्यक्षात सहल पार पडते की नाही हे ठरतं टायर, पेट्रोल आणि हाताशी राखलेले दोन-तीन मोकळे दिवस यांवर. म्हणून या लेखात डोंगरांपेक्षा टायरवर जास्त मजकूर आहे.

केव्हा जायचं

वाटेत पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या लागतात. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता. मधल्या काळात, म्हणजे वसंतात बर्फ फुटताना आणि शरदात नदी गोठताना, काही आठवडे पलीकडे जाण्याची सोयच नसते. फेरीबोटी साधारण जूनच्या सुरुवातीला सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या पुढेमागे बंद पडतात. नेमकी तारीख नदी ठरवते. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याचं परत न मिळणारं विमान तिकीट काढू नका.

मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा असेल तर जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा मध्य. इनुविकमध्ये मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत सूर्य मावळत नाही. दिवसा २० अंश सेल्सियसपर्यंत पारा जातो, पण डास असे की जाळीशिवाय घास तोंडात घालणं मुश्कील. शिवाय कोरड्या उन्हाळ्यात वणव्यांचा धूर आणि त्यापायी रस्ता बंद.

निवड करायची मोकळीक असेल तर ऑगस्टचा शेवटचा आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा सर्वांत उत्तम. बुटकी बर्च आणि ब्लूबेरीची झुडपं लालभडक होतात, डास संपत आलेले असतात, रात्र पुरेशी काळोखी होते म्हणून उत्तरप्रकाशाची, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सची, शक्यता असते. किंमत एवढीच की रस्त्याच्या सुरुवातीच्या टूमस्टोन या डोंगराळ भागात रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि खिंडीत अवेळी बर्फ पडू शकतो.

दिवस किती? व्हाइटहॉर्स ते व्हाइटहॉर्स किमान १० धरा, त्यातले २ मोकळे. १२ मिळाले तर उत्तम. सात दिवसांत ही सहल बसवणाऱ्यांना रस्ता दिसतो, प्रदेश नाही. आणि नदीला पाणी चढून फेरीबोट एक दिवस बंद राहिली की सगळं गणित कोसळतं.

गाडी आणि करार

व्हाइटहॉर्सला व्हँकुव्हर किंवा कॅलगरीहून विमान आहे. टोरांटो किंवा एडमंटनमधली मराठी मंडळी आपली गाडी घेऊन निघण्याचा विचार करतात, पण त्यात जाण्यायेण्याचाच आठवडा-दीड आठवडा मोडतो. सुट्टी मोजकी असेल तर विमान आणि भाड्याची गाडी बरी.

भाड्याच्या गाडीत पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही गाडी डेम्प्स्टरवर न्यायची परवानगी लेखी देता का? बहुतेक कंपन्या खडीच्या रस्त्यांना, काही तर या रस्त्याचं नाव घेऊन मनाई करतात. व्हाइटहॉर्समधल्या मोजक्याच कंपन्या परवानगी देतात, त्यांच्या गाड्या उन्हाळ्यासाठी कित्येक महिने आधी संपतात. मनाई असताना गपचूप नेली तर करार मोडला जातो आणि त्याबरोबर विमाही, क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारा धरून. मग ईगल प्लेन्स या अर्ध्या वाटेवरच्या थांब्याहून गाडी ओढून आणायचा हजारो डॉलरचा खर्च तुमच्या खिशातून. परवानगी असली तरी काच आणि टायर विम्यात येतात का, हे वेगळं विचारा. बहुधा येत नाहीत.

दोघांचीही नावं चालक म्हणून करारावर घाला, एकालाच गाडी चालवायला आवडत असली तरी. जो चालवतो त्याचाच हात दुखावला तर दुसऱ्याने विनाविमा ४०० किलोमीटर चालवण्यात अर्थ नाही. भारतातून जाणाऱ्यांनी मूळ परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही घ्यावा. तो भारतातून निघण्यापूर्वीच आरटीओत काढावा लागतो.

छोटी कारही कोरड्या हवेत टुकला पोचते. तरी जमिनीपासून थोडी उंच एसयूव्ही किंवा पिकअप घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह असली तर पावसात मदत होते, पण दोनांतून एकच मिळत असेल तर फोर-व्हील सोडून चांगले टायर निवडा.

टायर, टायर आणि स्टेपनी

हा रस्ता कायम गोठलेल्या जमिनीवर, म्हणजे पर्माफ्रॉस्टवर, घातलेला आहे. खालचा बर्फ वितळू नये म्हणून एक ते अडीच मीटर जाडीचा खडीचा थर टाकून त्यावर रस्ता उचलला आहे. खडी मिळाली ती जवळपासच्या डोंगरांतली, आणि त्यात शेल नावाचा पापुद्र्यांचा दगड भरपूर. शेल फुटतो तो कोयत्याच्या पात्यासारखा. ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, फिरून गेला की ही पाती उभी राहतात. ईगल प्लेन्सच्या आगेमागे आणि रिचर्डसन पर्वताच्या पट्ट्यात टायर फाटतात ते यामुळे.

निघण्यापूर्वी ही कामं करा, आणि दोघांनी मिळून करा:

१. टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचा. आकड्याआधी इंग्रजी ‘एलटी’ असेल तर टायर लाइट ट्रकचा, बाजू जाड. ‘पी’ असेल किंवा काहीच नसेल तर प्रवासी गाडीचा, बाजू पातळ. कंपनीकडे पर्याय असेल तर एलटीच मागा.

२. स्टेपनी पूर्ण मापाची हवी. डिकीत मिळणारी ती बारीक, तात्पुरती स्टेपनी या खडीवर फार काळ टिकत नाही. एका पूर्ण स्टेपनीने काम भागू शकतं, पण मिळाल्या तर दोन घ्या. पहिली वापरल्यावर पुढचं गाव २०० किलोमीटरवर असतं आणि मग प्रत्येक खडखडाटाला काळजात धस्स होतं.

३. स्टेपनी गाडीखाली लटकवलेली असेल तर ती व्हाइटहॉर्समध्येच एकदा खाली उतरवून पाहा. केबलची गरारी गंजून अडकणं ही नेहमीची तक्रार. पार्किंगमध्ये कळलं तर दुरुस्त होतं, ३०० किलोमीटरवर कळलं तर नाही.

४. चाकाच्या नटांना चोरीपासून कुलूप असेल तर त्याची खास चावी कुठे आहे ते पाहा. ती नसेल तर पाना, जॅक, स्टेपनी सगळं असून उपयोग शून्य.

५. जॅकखाली ठेवायला ३० सेंटिमीटर चौरस आणि निदान २ सेंटिमीटर जाड प्लायवूडचा तुकडा घ्या. ओल्या खडीत जॅक वर जायच्या ऐवजी खाली रुततो.

६. सोबत १२ व्होल्टचा हवेचा पंप, हवा मोजायचं मीटर, आणि चिकट दोरीचा पंक्चर किट ठेवा. मध्यभागातलं, जमिनीला टेकणाऱ्या भागातलं भोक दोरीने बुजतं. बाजू चिरली असेल तर बुजत नाही, तिथे स्टेपनीच.

हवेबद्दल मतं अनेक आहेत. सरळ वाट अशी: चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा बघा आणि खडीवर त्याहून १० ते १५ टक्के कमी ठेवा. टायर थोडा मऊ असला की दगडाभोवती दबतो, टणक असला की दगड आत घुसतो. पण याहून कमी केली तर बाजू सारखी वाकून तापते आणि फुटते, भरलेल्या गाडीत तर लवकरच. डांबरी लागलं की परत भरा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची.

पंक्चर झालंच तर गाडी सरळ, सपाट पट्ट्यावर न्या, वळणावर किंवा चढाच्या टोकाला बदलू नका. एकाने मागे १०० मीटर जाऊन त्रिकोण ठेवावा आणि तिथेच उभं राहून येणाऱ्या ट्रकला हात दाखवावा. दुसऱ्याने विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकामागे-पुढे दगड लावून, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत, मग जॅक. चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे, ओळीने नाही. ओळीने आवळलं की चाक तिरकं बसतं. ५० किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावून पाहा. खडीच्या हादऱ्यांनी नट हमखास थोडे सैल होतात. हे सगळं एकदा घरी किंवा व्हाइटहॉर्सच्या पार्किंगमध्ये दोघांनी आलटूनपालटून करून बघा. डासांच्या ढगात पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नव्हे.

पेट्रोलचा हिशेब

व्हाइटहॉर्स ते डॉसन ५३३ किलोमीटर रस्ता चांगला, वाटेत कारमॅक्स आणि पेली क्रॉसिंगला पेट्रोल मिळतं. खरा टप्पा त्यापुढचा. डॉसनमध्ये टाकी काठोकाठ भरा, कारण ईगल प्लेन्स फाट्यापासून ३६९ म्हणजे डॉसनपासून साधारण ४०९ किलोमीटरवर आहे आणि मध्ये गाव म्हणून नाही. खडीवर, सामान भरून, समोरून वारा असेल तर एसयूव्ही १०० किलोमीटरला १२-१३ लिटर पिते. म्हणजे डॉसनपासून ४९ ते ५३ लिटर. टाकी ५५ लिटरची असेल तर तुम्ही काठावर आहात, आणि वाटेत मागे वळून यायची वेळ आली तर संपलंच.

म्हणून २० लिटरचा एक कॅन. तो गाडीच्या आत ठेवू नका, वाफ कोंडते. टपावर किंवा मागच्या कॅरिअरवर, पट्ट्याने आवळून. ईगल प्लेन्सनंतर फोर्ट मॅकफर्सन १८२ किलोमीटर, तिथून इनुविक १८६. हे टप्पे सोपे. इनुविक ते टुक जाऊन-येऊन पावणेतीनशे. टुकमध्ये पंप आहे, पण इनुविकला टाकी भरून निघालात तर त्याच्यावर विसंबायला नको. नियम साधा: पंप दिसला की भरा, भाव बघू नका. उत्तरेला भाव चढेच असतात, आणि दहा डॉलर वाचवायला गेलेल्यांचे किस्से ईगल प्लेन्सच्या काउंटरवर ऐकायला मिळतात.

फोन चालत नाही

डॉसन सोडलं की फोर्ट मॅकफर्सनपर्यंत मोबाइलचा भरवसा नाही. नकाशे, बुकिंगचे कागद, सगळं फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक छापील नकाशा ठेवा. नव्या आयफोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे, पण ६२ अंश उत्तर अक्षांशाच्या वर ती चालेलच असं नाही, हे अॅपल कंपनी स्वतःच सांगते. डॉसन ६४ अंशांवर आहे, म्हणजे हा संपूर्ण रस्ता त्या रेषेच्या उत्तरेला. इरिडियम उपग्रहांवर चालणारं उपकरण, उदाहरणार्थ गार्मिन इनरीच, इथे नीट चालतं. भाड्यानेही मिळतं. त्यातलं मदतीचं बटण कसं दाबायचं आणि साधा संदेश कसा धाडायचा, हे दोघांनाही यायला हवं. उपकरण नेहमी एकाच जागी, उदाहरणार्थ ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात.

घरच्या एका माणसाकडे रोजचा मुक्काम आणि ‘अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं’ हे लिहून द्या. ‘पोचलो की फोन करतो’ हे इथे पुरत नाही. पुण्यात बसलेल्या आईला दोन दिवस फोन लागणार नाही, हे निघण्यापूर्वी सांगून ठेवलेलं बरं.

रस्त्याची स्थिती युकॉनसाठी ‘५११ युकॉन’वर आणि पुढच्या भागासाठी ‘ड्राइव्ह एनडब्ल्यूटी’ या संकेतस्थळावर कळते. डॉसनमधून निघायच्या सकाळी आणि ईगल प्लेन्सला, अशी दोनदा बघा.

जेवण, स्टोव्ह आणि अस्वलं

किराणा व्हाइटहॉर्समध्येच भरा. डॉसनला महाग, इनुविकला आणखी महाग. दोघांना दहा दिवसांना कोरडा शिधा, शिवाय दोन दिवसांचा जादा. भाजणी, मेतकूट, उपम्याचं पीठ, मूगडाळ-तांदूळ, चिवडा, लाडू ही मंडळी इथे सोन्यासारखी, कारण ती फ्रीज मागत नाहीत. भारतातून नेत असाल तर कॅनडात उतरताना सगळे खाद्यपदार्थ जाहीर करा. लपवण्यात दंड आहे, सांगण्यात नाही.

गॅसच्या डब्या विमानात चालत नाहीत, त्या तिथेच घ्या. घेताना लेबल वाचा: निव्वळ ब्यूटेनची डबी शून्याच्या आसपास वाफ सोडत नाही, सकाळी चहाच होत नाही. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रण किंवा सरळ प्रोपेन घ्या. डोंगरातलं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी एक मिनिट खळखळून उकळा, कॅम्पग्राउंडच्या पंपाचंसुद्धा. इंजिनिअर क्रीकच्या परिसरातले झरे तांबडे दिसतात आणि गंधकाचा वास मारतात. त्यातलं पाणी उकळूनही पिऊ नका, उकळल्याने खनिजं जात नाहीत.

आता अस्वलं. हा ग्रिझलीचा प्रदेश आहे आणि अस्वलाचं नाक आपल्या कल्पनेच्या फार पुढचं आहे. हिंग-मोहरीची फोडणी तंबूच्या दारात घालू नका. कॅम्पग्राउंडमधल्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये शिजवा, भांडी लगेच धुवा, खरकटं पाणी झुडपात फेकू नका. जेवण, टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, सगळं गाडीत बंद. शिजवताना घातलेले कपडेही तंबूत नकोत. गाडीतच झोपणार असाल तर शिजवणं बाहेर आणि शिधा घट्ट झाकणाच्या डब्यात.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, प्रत्येकाला एक, दोघांत मिळून एक नव्हे. विमानात नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही, म्हणून व्हाइटहॉर्सला विकत घ्या. मुदत बघा. चालताना तो कमरेला हवा, सॅकमध्ये असलेला स्प्रे नसल्यासारखाच. पल्ला जेमतेम पाच ते नऊ मीटर, म्हणजे अस्वल धावून येत असताना, जवळ आल्यावर मारायचा. डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, तापून फुटला तर गाडीत बसता येणार नाही. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे अस्वलाला दचकवायचंच नाही: झुडपांतून चालताना मोठ्याने बोलत राहा. घरातला अर्धवट राहिलेला वाद पुरा करायला ही जागा छान.

डासांसाठी डोक्यावर घ्यायची जाळी दोघांना, आणि ३० टक्के डीट किंवा २० टक्के आयकॅरिडिन असलेलं औषध. डीट प्लास्टिक विरघळवतं, त्या हातांनी चष्मा किंवा कॅमेरा धरू नका.

गाडी चालवताना

कॅनडात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. खडीच्या रस्त्यावर मधली रेघ नसते, दोन्ही बाजूंची चाकं मधल्या घट्ट चाकोरीत पडतात आणि गाडी आपोआप मध्यावर येते. चढाच्या टोकावर अचानक ट्रक समोर येतो तेव्हा भारतात गाडी शिकलेल्या माणसाचा हात डावीकडे वळतो. नेमका ट्रकच्या तोंडी. प्रत्येक चढाआधी आणि आंधळ्या वळणाआधी शेजारी बसलेल्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, चालवणाऱ्याने राग मानायचा नाही.

वेग ६० ते ७०. वेगमर्यादा याहून जास्त आहे, पण टायर फाटण्याचं आणि गाडी उलटण्याचं प्रमाण वेगाबरोबर वाढतं. समोरून ट्रक आला की ३०-४०वर या, उजवीकडे सरका. काचेवर येणाऱ्या दगडाचा तडाखा दोन्ही गाड्यांच्या वेगांच्या बेरजेचा असतो, तुमचा वेग कमी केलात तर तेवढा तरी कमी होतो. मात्र फार कडेला जाऊ नका. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे आणि कडेची खडी भुसभुशीत. चाक तिकडे ओढलं गेलं की घाबरून स्टीअरिंग डावीकडे हिसकायचं नाही, त्यानेच गाडी उलटते. ब्रेक दाबू नका, अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, वेग आपोआप उतरू द्या, मग हलकेच वर या. ग्रेडर काम करत असेल तर तो मध्ये सैल खडीचा बांध सोडून जातो. तो ओलांडायचा तर जवळजवळ थांबून.

हेडलाइट दिवसाही चालू. पावसात कॅल्शियम क्लोराइड (धूळ बसवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ) मिसळलेला चिखल दिव्यांवर आणि मागच्या काचेवर थापला जातो, दर तासाला पुसा. डांबरी रस्त्याला लागल्यावर स्टीअरिंग थरथरू लागलं तर बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला चिखल सुकून वजन बिघडलेलं असतं. काठीने खरवडून काढलं की बरं होतं. मेकॅनिककडे धावण्यापूर्वी हे करून पाहा.

टप्प्याटप्प्याने

पहिला दिवस व्हाइटहॉर्स ते डॉसन. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल भरून फक्त टूमस्टोनपर्यंत या, फाट्यापासून ७१ किलोमीटर. इथे माहिती केंद्र आहे, अस्वलं कुठे दिसताहेत आणि कोणती पायवाट बंद आहे हे इथले कर्मचारी सांगतात. शेजारीच कॅम्पग्राउंड. युकॉन सरकारच्या अशा कॅम्पग्राउंडना रात्रीचे २० डॉलर, त्यात जळण धरून. पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायची पद्धत आहे, म्हणून सुटे जवळ ठेवा. जागा लवकर भरतात, त्यामुळे ऑगस्टअखेर दुपारी लवकर पोचा.

तिसरा दिवस इथेच द्या, हा आग्रह आहे. संपूर्ण रस्त्यावरचा सर्वांत देखणा भाग हाच, आणि टुकच्या ओढीने लोक तो गाडीतूनच उरकतात. गोल्डनसाइड्सची पायवाट चढाची पण छोटी. ग्रिझली लेकची वाट ५८व्या किलोमीटरवरून निघते. तळं ११ किलोमीटर आत आहे आणि तिथे राहायला परवाना लागतो, पण पहिले तीन किलोमीटर चढून कड्यावरून दरी पाहून परत येता येतं. ७४व्या किलोमीटरवर थांबलात तर दूर दरीच्या टोकाला टूमस्टोन शिखर दिसतं, ढग नसतील तर.

चौथ्या दिवशी ईगल प्लेन्स, ३०० किलोमीटर, सहा-सात तास. ८२व्या किलोमीटरवर नॉर्थ फोर्क खिंड, जवळपास १,३०० मीटर, रस्त्यावरची सर्वांत उंच जागा. १०२ला टू मूस लेक, तिथे सकाळी मूस (उत्तरेतलं थोराड हरीण) दिसण्याची शक्यता. १९३ला इंजिनिअर क्रीकचं कॅम्पग्राउंड, जेवायला थांबायला बरं. पुढे ओगिल्व्ही नदीच्या काठाने जाऊन रस्ता कड्यावर चढतो, २५९ला मोठा देखावा. इथून ईगल प्लेन्सपर्यंत पठार, पावसात निसरडं. ईगल प्लेन्स म्हणजे एक मोटेल, पंप, टायर दुरुस्ती. खोली आधीच ठरवा. रस्ता बंद झाला की सगळेच इथे अडकतात.

पाचव्या दिवशी लवकर निघा. ४०५ला आर्क्टिक वृत्ताची पाटी, मग रिचर्डसन पर्वत. इथला वारा प्रसिद्ध आहे: गाडी वाऱ्याच्या तोंडी उभी करून दार उघडलं तर दार बिजागरीतून पिळवटतं. दार हाताने धरूनच उघडा. ४६५ला युकॉनची हद्द संपते आणि किलोमीटरचे दगड परत शून्यापासून सुरू होतात. हिशेब चुकतो तो इथे. घड्याळही बदलतं. युकॉन वर्षभर एकच वेळ पाळतं, नॉर्थवेस्ट टेरिटरीज उन्हाळ्यात एक तास पुढे असते. फेरीबोटीची वेळ पलीकडच्या घड्याळाने चालते, म्हणजे तुमचा एक तास गेला.

नव्या मोजणीच्या ७४ला पील नदी, १४२ला त्सीगेचिकपाशी मॅकेन्झी. फेरीबोट मोफत. दाभोळ-धोपावे फेरीत गाडी चढवलेल्यांना प्रकार ओळखीचा वाटेल, फरक इतकाच की इथे धक्का नाही, काठावर खडी ढकलून केलेला उतार आहे आणि पाणी वरखाली झालं की तोही हलतो. सगळ्यांत हळू गियरमध्ये, सरळ, खलाशी दाखवेल तसं. लांब पिकअपच्या मागे कॅरिअर असेल तर ते उताराला घासतं, अशा वेळी जरा तिरकं चढवू देतात का विचारा. त्सीगेचिक गावात जायचं असेल तर खलाशाला आधी सांगा, ती बोट तीन ठिकाणी लागते. मधलं फोर्ट मॅकफर्सन आणि हे त्सीगेचिक ही ग्विचिन या मूळनिवासी लोकांची गावं. नदीकाठी दिसणाऱ्या मासेमारीच्या झोपड्या कुणाच्या तरी मालकीच्या आहेत, त्यांत शिरू नका आणि माणसांचे फोटो विचारूनच काढा.

इनुविकला दोन रात्री ठेवा. इथे मोठं रुग्णालय, दुकानं, टायरवाले, गरम पाण्याची आंघोळ, सगळं आहे. सहाव्या दिवशी टुक. हा रस्ता तुलनेने नवा आणि पावसात मऊ. इनुविकमधून निघतानाच स्थिती विचारा. टुक हे इनुव्हियालुइत या मूळनिवासी लोकांचं गाव. गावाजवळच पिंगो दिसतात, म्हणजे जमिनीखालच्या बर्फाने वर उचललेल्या टेकड्या. त्यांतला इब्युक पिंगो ४९ मीटर उंच, कॅनडातला सर्वांत उंच. त्यांच्यावर चढू नका, वरची माती उघडी पडली की आतला बर्फ वितळतो. समुद्रात पाय बुडवायचे तर टॉवेल आणि कोरडे मोजे गाडीत वरच्या बाजूला ठेवा, आणि बुडवून झाले की आधी हीटर, मग फोटो.

परतीचा रस्ता तोच. दोन दिवसांत डॉसन गाठता येतं, पण राखलेले मोकळे दिवस वापरायचे ते इथे. डॉसनहून अलास्कामार्गे वळसा घेण्याचा मोह होतो. त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवा आणि भाड्याच्या गाडीला सीमा ओलांडायची परवानगी हवी. दोन्ही निघण्यापूर्वी.

डॉसनला पोचल्या पोचल्या गाडी दाबाच्या पाण्याने धुवा, विशेषतः खालून आणि चाकांच्या आतून. कॅल्शियम क्लोराइडचा चिखल वाळला की सिमेंटसारखा धरतो आणि लोखंड खातो. काचेवर टिकली एवढा टवका असेल तर तो व्हाइटहॉर्समध्ये राळ भरून बुजवून घ्या. थंड रात्री आणि गरम हीटरमध्ये त्याची आडवी चीर व्हायला वेळ लागत नाही, आणि मग अख्खी काच बदलावी लागते. गाडी परत देण्याआधी, धुतल्यावर, चारही बाजूंचे आणि टायरांचे फोटो तारीख दिसेल असे काढून ठेवा.